घराचा श्वास आणि घराची ऊब



वैशाखाच्या उकाड्यात, हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत बसलेल्या दोडामार्गकरांपुढे थंड मुलुखातील घरांच्या उबेविषयी बोलायला उभे राहणे हे धारिष्टाचे काम आहे. व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा चिटणिसांनीही मोठ्या सभ्यपणे विचारले, "हा विषय पौषात घेतला असता तर?" मी म्हटले, पौषातसुद्धा आपल्याला कांबळे पुरते. ज्याला कांबळे पुरते त्याला या विषयाची गरज नाही, आणि म्हणूनच त्याने तो एकदा नीट ऐकावा. आपल्याला जे कधी भोगावे लागले नाही, त्यापायी अर्ध्या जगाने हजार-दोन हजार वर्षे काय काय केले, याचा हा इतिहास आहे. शिवाय तो आपल्याशी अगदीच असंबद्ध नाही. त्याचा एक धागा आपल्या चुलीत अडकलेला आहे, दुसरा मुंबईच्या चाळीत, आणि तिसरा इथून दोनएक तासांच्या वाटेवर, मुरगावच्या बंदरात.

प्रथम चुलीचे पाहू. माझी आजी तिलारीच्या काठच्या आमच्या जुन्या घरात रांधायची. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मातीची जमीन, वर नळीची कौले. चुलीला धुराडे नव्हते. धूर आपला आपण वर चढायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. सकाळी लांबून घराकडे पाहिले तर सगळे छप्परच वाफाळताना दिसे. मुख्य चुलीच्या शेजारी वैल होता. त्याला स्वतःचे सरपण नसते. चुलीवर भात शिजवून उरलेली धग आतल्या भोकातून वैलाकडे जाते आणि तिच्यावर पेज, आमटी, नाहीतर आंघोळीचे पाणी तापत राहते. धुराने माझे डोळे चुरचुरू लागले की आजी म्हणे, "धूर लागता तर भायर बस, पण वैलावरची पेज काढू नको." आजच्या व्याख्यानाची निम्मी विद्या या वैलात आहे हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. जाणाऱ्या उष्णतेला दारातच थांबवून तिच्याकडून आणखी एक काम करून घ्यायचे, एवढीच ती विद्या.

उरलेली निम्मी विद्या मात्र आपल्या घरांना कधी लागली नाही. आपल्याकडे हवा आत-बाहेर करायला कोणी अडवलेलेच नव्हते. पडवी उघडी, ओटी उघडी, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर पोकळी. तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो त्या दिवसांत झावळ्यांच्या झडी बांधायच्या, तेवढाच काय तो बंदोबस्त. मंगळुरात १८६५ साली बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी कौले हळूहळू आपल्याकडे आली, तेव्हा फटी थोड्या कमी झाल्या. पण घर श्वास घेतच राहिले. घरात धूर होता हे खरे, आणि त्याने आमच्या आज्यांची छाती पोखरली हेही खरे. तेव्हा जुन्या घरांचे गोडवे गाताना जरा बेताने गावेत. पण घरात हवा नाही ही तक्रार मात्र कोणी केली नाही.

आता आपण उत्तरेकडे जाऊ. जिथे सहा महिने पाणी गोठलेले असते तिथे माणसापुढे रोजचा पेच असा, की खिडकी उघडली तर ऊब जाते आणि मिटली तर हवा जाते. जुन्या इंग्लंडातील घरात दालनाच्या मधोमध आगटी असे आणि धूर छपराच्या भोकातून जाई. म्हणजे आमच्या आजीचेच स्वयंपाकघर, फक्त बाहेर बर्फ. भिंतीतील धुराडी तिथे सर्रास झाली ती सोळाव्या शतकात. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्याने १५७७ साली नोंदवून ठेवले आहे की गावातील म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत वाढलेल्या धुराड्यांचे फार नवल वाटे. धूर गेला, पण त्याच्याबरोबर उबही गेली. उघड्या आगटीची बहुतेक धग धुराड्यातून आकाशात जाते आणि तिच्या जागी दारांच्या फटींतून गार वारा आत ओढला जातो. माणूस पुढून भाजतो आणि मागून गोठतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० नंतरच्या दशकात लोखंडी शेगडी केली, रम्फर्डने १७९६ च्या सुमारास धुराड्याचा घसा अरुंद करायला सांगितले. दोघेही मोठे बुद्धिमान, आणि दोघांचेही प्रयत्न उबेच्या बाजूचे.

हवेच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. उलट १६९६ पासून इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या अधिक तितका कर अधिक, म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या; गरिबांना भाड्याने दिलेल्या मोठ्या घरांत तर घरमालकांनी आधी बुजवल्या. हा कर उठला १८५१ साली, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी. सरकारने हवेवर कर बसवल्याचे याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

हवेचे माप पहिल्यांदा नीट घेतले ते म्युनिकच्या माक्स फोन पेटनकोफर यांनी, १८५८ साली. माणूस श्वासातून कार्बन डायॉक्साइड सोडतो. खोलीत तो हजारात एक भागापेक्षा जास्त झाला की ती हवा राहण्याजोगी नाही, असा दंडक त्यांनी घातला. तो वायू स्वतः त्या प्रमाणात विषारी नसतो. खोलीत माणसांचा उच्छ्वास किती साठला याची ती खूण आहे. हा दंडक आजही जगभर थोड्याफार फरकाने वापरतात. पेटनकोफर यांनी आपल्याच अभ्यासिकेत प्रयोग केले आणि हिवाळ्यात बंद खोलीतील हवाही बरीच पालटते असे त्यांना आढळले. फटी कागदाने चिकटवल्या तरी ती पालटतच राहिली. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की विटांच्या भिंतीच श्वास घेतात. हे अनुमान चूक होते. गिलावा केलेल्या भिंतीतून हवा जवळजवळ जात नाही, ती न दिसणाऱ्या फटींतून जात होती. पण भिंती श्वास घेतात ही समजूत पुढे सत्तर वर्षे टिकली, आणि काही गवंड्यांच्या तोंडी अजून आहे. त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई रुग्णसेवेवर लिहीत होत्या. आजाऱ्याची हवा बाहेरच्याइतकी शुद्ध ठेवावी आणि तरी त्याला गारठू देऊ नये, हा त्यांचा पहिला नियम. नियम दोन शब्दांचा. पाळायचा कसा हे सांगणारे यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते.

हाच हवेचा नियम बोटीत बसून मुंबईत आला, आणि तिथे आपली माणसे होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एका रोग्याला तपासून डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ही ग्रंथिक सन्निपाताची साथ असल्याचे ओळखले. व्हिएगस मूळचे गोव्याचे, म्हणजे आपले शेजारीच. गिरणगावात आणि गिरगावात तेव्हा रत्नागिरीकडचे आणि सावंतवाडी संस्थानातले चाकरमानी दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण राहत होते. मी हिशेब करून पाहिला. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत आठ माणसे निजली आणि दार-खिडकी घट्ट लावली, तर पेटनकोफर यांची मर्यादा पाव तासाच्या आत ओलांडली जाते. रात्र तर आठ तासांची असते.

प्लेगच्या अधिकाऱ्यांनी काय केले हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने सांगितलेले आहे. कौले काढली, छपरांना आणि भिंतींना भोके पाडली, चुना फासला, आणि ज्या घरांत उजेड-वारा नाही त्यांच्यावर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवली. अर्थ, मानवी वस्तीस अयोग्य. घर अयोग्य ठरले, पण योग्य घर कोणी दिले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर उघडणाऱ्या सरकारविषयी लोकांना काय वाटले असेल हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. १८९८ साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा पश्चिमेकडचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला. इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा समोर सोडावी, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही आकाशाचा तुकडा दिसेल, असा त्याचा सरळ अर्थ. नियम चांगला होता. पाडलेल्या वस्त्यांतली माणसे मात्र शेजारच्या वस्त्यांत जाऊन तिथली गर्दी वाढवीत राहिली.

गंमत अशी, की प्लेगशी कोंदट हवेचा थेट संबंधच नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, आणि मांडवीची धान्याची वखारे उंदरांनी भरलेली होती. औषध चुकीच्या रोगावर दिले गेले. पण त्याच खोल्यांत क्षय होता, आणि क्षयाला ते औषध लागू होते. इतिहासात असे होते. त्याचा फार अचंबा करू नये.

मुंबईत खिडकी उघडली तर कोणी गारठून मरत नाही. ज्या प्रदेशात मरतो तिथे काय? १९३४ साली अमेरिकेचे रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकात एका बर्फाखालच्या झोपडीत हिवाळाभर एकटे राहिले. हवेच्या नळ्या बर्फाने बुजू लागल्या आणि शेगडीचा व यंत्राचा वायू आत साठू लागला. ते आजारी पडले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की ज्या शेगडीने आपण जगतो तीच आपल्याला मारते आहे. पुढे कित्येक आठवडे ते दिवसातले बरेच तास शेगडी विझवून, भिंतींवर बर्फ चढू देत पडून राहत. ऑगस्टमध्ये सोबत्यांनी येऊन त्यांना वाचवले.

आणि आता मुरगाव. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 'पोलर सर्कल' या नॉर्वेच्या जहाजातून गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे नेते, बरोबरचे धरून एकवीस जण. ९ जानेवारी १९८२ ला ती तिथे उतरली. नारळी-पोफळीच्या किनाऱ्यावरून निघून महिनाभरात पृथ्वीच्या सर्वांत थंड खंडावर. पुढे १९८३-८४ च्या मोहिमेत डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले ठाणे उभे राहिले. ते तरंगत्या हिमपटावर बांधले होते. दर वर्षीच्या बर्फाने ते हळूहळू पुरले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. त्याच्या जागी खडकावर, पायांवर उभे असलेले 'मैत्री' आले आणि २०१२ मध्ये 'भारती'. भारतीची इमारत १३४ जहाजी कंटेनर जोडून केली आहे आणि वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांची वाया जाणारी धग तिच्या खोल्यांना ऊब देते. हा आमचा वैलच! या मोहिमांचे काम पाहणारे राष्ट्रीय केंद्र १९९८ पासून वास्कोजवळ हेडलँड-सड्यावर आहे. आपल्यापैकी कित्येक जण रोज त्या बाजूला नोकरीला जातात. त्या टेकडीवर काय चालते ते त्यांनी एकदा विचारावे.

या कथेत एक दुःखाची नोंद आहे. जानेवारी १९९० मध्ये नवव्या मोहिमेचे चार सदस्य तिथल्या डोंगराळ भागात मुक्कामाला होते. तंबूत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने चौघेही मृत्यू पावले. बर्डच्या झोपडीला तेव्हा छपन्न वर्षे झाली होती. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप येते एवढेच. ऊब आणि हवा यांचा पेच म्हणजे केवळ सुखसोयीचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी त्या चौघांची आठवण ठेवावी.

पेच सुटला कसा ते सांगतो. युक्ती मूळची कारखान्यांची. स्कॉटलंडचे एक धर्मोपदेशक, रॉबर्ट स्टर्लिंग, यांनी १८१६ मध्ये आपल्या उष्ण हवेच्या यंत्रात बाहेर जाणाऱ्या हवेची धग साठवून ती आत येणाऱ्या हवेला देण्याची सोय केली. सीमेन्स बंधूंनी १८५६ नंतर तीच कल्पना भट्ट्यांना लावली आणि काच व पोलाद यांचे धंदे बदलून गेले. निसर्गात ती त्याहून जुनी. थंड पाण्यात पोहणाऱ्या बदकाच्या पायात रक्त नेणारी व आणणारी शीर एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला आपली ऊब वाटेतच देऊन टाकते. पाय गार राहतात, पोट गरम राहते.

यातली खुबी उलट्या दिशेत आहे. समजा, घरातली २० अंशांची शिळी हवा बाहेर निघाली आहे आणि बाहेरची ० अंशांची ताजी हवा आत येते आहे. मध्ये पातळ पत्रा. दोघी एकाच दिशेने शेजारून चालल्या तर एक निवेल, दुसरी तापेल आणि दोघी १० अंशांवर येऊन थांबतील. पण त्या समोरासमोरून गेल्या, तर आत येणारीला पुढच्या प्रत्येक पावलावर आपल्यापेक्षा थोडी अधिक उबदार शेजारीण भेटत जाते, आणि घरात पाऊल टाकताना ती १६-१८ अंशांची झालेली असते. दोघींची भेट होते, मिसळ होत नाही. शिळेपणा बाहेर गेला, ऊब आत राहिली.

ही साधी गोष्ट घरांना लावायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला, कारण तेल स्वस्त होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले आणि काही महिन्यांत त्याचा भाव चौपटीच्या घरात गेला. मग उत्तरेकडच्या लोकांनी आपल्या घरांच्या फटी मोजायला घेतल्या. डेन्मार्कमध्ये लिंग्बी येथे १९७५ साली एक प्रायोगिक घर झाले. पण मला अधिक आवडते ते कॅनडाच्या रेजायना शहरातील १९७७ चे घर. त्या प्रांतात हिवाळ्यात पारा कधी कधी उणे ४० पर्यंत उतरतो. सरकारने मागितले होते सूर्याच्या उष्णतेवर चालणारे घर. हॅरॉल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (मुंबईच्या ऑरसाहेबांशी आडनावाचा केवळ योगायोग) हिशेब करून सांगितले की त्या अक्षांशावर हिवाळ्यातला सूर्य पुरणार नाही. त्यापेक्षा ऊब बाहेर जाऊच देऊ नका. त्यांनी हातभर जाड भिंती केल्या आणि एकूण एक फट बुजवली. आता आत माणसे गुदमरणार आणि भिंती घामेजणार. म्हणून विद्यापीठातले रॉबर्ट बेझंट यांच्या मंडळींनी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांच्या थरांची पेटी केली. एका थराआड जाणारी हवा, एका थराआड येणारी. अडचणी आल्याच. बाहेर जाणाऱ्या हवेतले बाष्प पेटीत गोठून वाट अडवी आणि मधूनमधून ते वितळवावे लागे. छतावरची सूर्यतापक यंत्रणा खर्चाची आणि कटकटीची ठरली, पेटी मात्र टिकली. पुढे जर्मनीत वोल्फगांग फाइस्ट यांनी डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये बांधलेल्या चार घरांत तीच विद्या पुरी केली.

लाभ किती, याचा हिशेब माझा मी मांडला आहे. अडीचशे घनमीटरांचे घर, दर दोन तासांनी सगळी हवा पालटायची, आत २० अंश आणि बाहेर उणे २०. केवळ ती हवा तापवायला दिवसाला सुमारे ४० युनिटे वीज लागेल. पेटीने शंभरातले ऐंशी टक्के परत मिळवले तर आठ युनिटे. आपल्याकडे महिन्याचे बिल हातात धरून बसणाऱ्यांना या आकड्याची किंमत कळेल.

"हे सगळे ठीक, पण आमच्या काय कामाचे?" हा प्रश्न सभेनंतर येणारच, तेव्हा आताच घेतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या तालुक्यातही कौलांच्या जागी स्लॅब आले. सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. निजायच्या खोलीत वातानुकूलन यंत्र आले, आणि ते लावले की खिडकी लावावीच लागते. म्हणजे जो पेच उत्तरेकडे उबेचा होता तो आपल्याकडे गारव्याचा होऊन आला आहे. भिंतीवरचे ते यंत्र बाहेरची हवा आत आणते असे अनेकांना वाटते. बहुतेक यंत्रे आतलीच हवा फिरवून गार करतात. लहानशा खोलीत चौघे निजले तर पेटनकोफर यांची मर्यादा चहा उकळायच्या आत नाही, पण तासाभरात खात्रीने मागे पडते. सकाळी डोके जड का, हे मग डॉक्टरांना विचारायला जातात.

आपल्या दमट हवेला नुसता पत्रा पुरणारही नाही. बाहेरच्या हवेतले बाष्प आत येऊन भिंतींना बुरशी धरेल. जपानात मित्सुबिशी इलेक्ट्रिकने १९७० मध्ये कागदाच्या थरांची पेटी काढली. त्या कागदातून उष्णतेबरोबर बाष्पही पलीकडे सरकते आणि हवा मात्र मिसळत नाही. दमट मुलुखाला चालेल अशी ही जात. तिची किंमत आज आपल्या साध्या घराला परवडणारी नाही, म्हणून ती घ्या असे मी सांगत नाही. निजताना खिडकीला दोन बोटे फट ठेवावी, न्हाणीघराचा पंखा आंघोळीनंतर घटकाभर चालू द्यावा, आणि गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बंब बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. शेवटचे मात्र कळकळीने सांगतो. तो वायू अंटार्क्टिकात आणि दोडामार्गात सारखाच वागतो.

चुलीचे सांगायचे राहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास धुराडे असलेली 'मगन चूल' झाली, हैदराबादचे एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर चुलीवर पुस्तिका लिहिली. आमच्या घरी यातले काही पोहोचले नाही. पोहोचला तो एकदम गॅस. तेव्हा आजी मात्र कुरकुरली होती. धूर गेल्यावर दोनतीन पावसाळ्यांत माळ्याच्या वाशांना भुंगा लागला, आणि मिरच्या टांगायला कोरडी जागा उरली नाही. तिला खोकल्याचा आराम पडला होता, पण ते ती कबूल करीत नसे. चुलाण्याच्या जागी आता ओटा आहे. वैलाचे भोक बुजवताना गवंड्याने विचारले होते, हे कशाला ठेवले होते?